संत बेनेडिक्टच्या पदकाचं व्हेक्टर काढायचंय? आधी तीस अक्षरं ओळखा

आमच्या वसईत बऱ्याच कॅथलिक घरांत हे पदक सापडतं, दाराच्या चौकटीवर, गाडीच्या चावीला, जपमाळेच्या टोकाला, आणि गळ्यात तर असतंच. गोल पदक, मध्ये क्रूस, क्रूसावर अक्षरं आणि भोवती पण अक्षरं. पॅरिशमध्ये कुणाला कॉम्प्युटर येतो म्हटलं की त्याच्याकडे हमखास काम येतं की जरा संत बेनेडिक्टचं पदक काढून दे, स्टिकर करायचेत, कीचेन करायच्यात. मग तो बिचारा नेटवर फ्री व्हेक्टर (रेषा आणि वर्तुळांनी बनलेलं, कितीही लहान-मोठं केलं तरी न बिघडणारं चित्र) शोधतो, पहिलं दिसेल ते डाउनलोड करतो आणि रेडियमवाल्याला देऊन मोकळा होतो.

मीही तेच केलं होतं. युवक मंडळासाठी १०० कीचेन करून आणल्या, वाटल्या, आणि एका रिटायर्ड फादरांनी कीचेन हातात घेतली, नखाने डाव्या बाजूचं एक अक्षर दाखवलं आणि विचारलं, हे काय रे? तिथे क्यू पाहिजे होता आणि ओ होता. क्यूची शेपटीच नव्हती. कुणीतरी झिजलेल्या पदकाचा फोटो ट्रेस करून, म्हणजे सॉफ्टवेअरला फोटोवरून आपोआप रेषा काढायला लावून, ती फाइल बनवलेली, ट्रेस करताना शेपटी छोटी म्हणून सॉफ्टवेअरने ती कचरा समजून पुसून टाकली, आणि नंतर ती फाइल ज्याने ज्याने वापरली त्याच्याकडे तोच ओ गेला. मला फार वाईट वाटलं, कारण ते अक्षर म्हणजे प्रार्थनेतला एक अख्खा शब्द आहे. तेव्हापासून मी हे पदक स्वतःच काढतो आणि मंडळातल्या नवीन पोरांनाही तसंच शिकवतो. ज्यांनी आजवर व्हेक्टर कधी काढलं नाही त्यांच्यासाठी पूर्ण पद्धत खाली लिहितोय. मागची बाजू, म्हणजे क्रूसाची बाजू, आधी काढायची, कारण ती सगळी वर्तुळं, सरळ रेषा आणि अक्षरं आहेत, चित्रकला येत नसली तरी जमते.

आधी वाचायला शिका, मग सॉफ्टवेअर उघडा

आज आपण जे पदक सगळीकडे बघतो ते १८८० चं आहे. संत बेनेडिक्टचा जन्म इ.स. ४८० च्या सुमारास झाला असं मानतात, त्याला १४०० वर्षं झाली म्हणून इटलीतल्या मॉन्ते कासिनो मठाने ते काढलं आणि डिझाइन जर्मनीतल्या बेउरॉन मठातल्या भिक्षूंकडून करून घेतलं. म्हणून त्याला ज्युबिली पदक म्हणतात. पण अक्षरं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. १६४७ मध्ये बव्हेरियात काही बायकांवर चेटकीण म्हणून खटला चालला होता, त्या म्हणाल्या की मेटेनच्या मठापुढे आमचं काही चालत नाही, तिथे क्रूस आहे. मग मठात जाऊन शोधलं तर भिंतींवर जुने रंगवलेले क्रूस सापडले आणि त्यांच्याभोवती ही अक्षरं, पण त्यांचा अर्थ मठातल्या कुणालाच सांगता येईना! शेवटी मठाच्या लायब्ररीत १४१५ चं एक हस्तलिखित मिळालं, त्यात संत बेनेडिक्टचं चित्र होतं आणि या अक्षरांच्या पूर्ण ओळी लिहिलेल्या होत्या. पुढे १७४१-४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी पदकाला मान्यता दिली.

ही गोष्ट मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतो, कारण आपणही त्या भिंतीसारखंच करतो, अक्षरं आहेत पण काय आहेत ते माहीत नाही, आणि माहीत नसलं की चुकलेलं अक्षर डोळ्यांना चुकलेलं दिसतच नाही.

तर अक्षरं अशी. क्रूसाच्या उभ्या दांड्यावर वरून खाली सी, एस, एस, एम, एल. लॅटिनमध्ये क्रुक्स साक्रा सित मिही लुक्स, म्हणजे पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो. आडव्या दांड्यावर डावीकडून उजवीकडे एन, डी, एस, एम, डी. नुन्क्वाम द्राको सित मिही दुक्स, त्या सर्पासुराने माझा वाटाड्या होऊ नये. आता बघा, दोन्ही ओळींतला तिसरा शब्द सित आहे, त्यामुळे क्रूसाच्या बरोबर मध्यावरचा एस दोन्ही ओळींना कॉमन आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या एसकडे बघत बसलो होतो.

क्रूसाच्या चार कोपऱ्यांत सी, एस, पी, बी. वर डावीकडे सी, वर उजवीकडे एस, खाली डावीकडे पी, खाली उजवीकडे बी. क्रुक्स सांक्ती पात्रिस बेनेदिक्ती, म्हणजे पवित्र पिता बेनेडिक्टचा क्रूस. अगदी वर पाक्स, पी ए एक्स, म्हणजे शांती, हे बेनेडिक्टाइन लोकांचं, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणाऱ्या मठवासीयांचं बोधवाक्य.

आणि गोल कडेला, पाक्सच्या उजवीकडून घड्याळाच्या काट्याप्रमाणे खाली उतरत व्ही, आर, एस, एन, एस, एम, व्ही, आणि मग डावीकडून वर चढत एस, एम, क्यू, एल, आय, व्ही, बी. वादे रेत्रो साताना, नुन्क्वाम सुआदे मिही वाना, सुन्त माला क्वे लिबास, इप्से वेनेना बिबास. सैताना, मागे हो, पोकळ गोष्टींची भुरळ मला घालू नकोस, तू जे पाजतोस ते वाईट आहे, ते विष तूच पी. विषाचा संबंध संताच्या गोष्टीशी आहे, त्याला विषाचा पेला दिला होता, त्याने क्रूसाची खूण केली आणि पेला फुटला. म्हणजे माझ्या कीचेनवरचा जो क्यू ओ झाला होता तो क्वे होता, बरोबर विषाच्या ओळीतला.

मोजा आता. कडेला १४, पाक्सची ३, कोपऱ्यांत ४, क्रूसावर ९ (मधला एस एकदाच). एकूण ३०. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

फ्री म्हणजे नक्की काय ते बघून घ्या

पदकाचं मूळ डिझाइन १८८० चं, जुनं. पण कुणी त्यावरून आज नवीन फाइल काढली तर त्या फाइलवर त्याचा हक्क असू शकतो आणि फ्री डाउनलोड लिहिलंय म्हणून सगळं करता येतं असं नाही. काही ठिकाणी फक्त घरगुती वापराला परवानगी असते, विकायचं नाही, काही ठिकाणी नाव द्यावं लागतं. सीसी झिरो (काढणाऱ्याने सगळे हक्क सोडून दिल्याचं लायसन्स) लिहिलेलं असेल तर काहीही करा, ओपनक्लिपार्ट या साइटवरचं सगळं असंच असतं. विकिमीडिया कॉमन्सवर मात्र प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं, पानावर खाली उतरून वाचायचं. सणाच्या जत्रेत स्टॉल लावून विकणार असाल तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वतः काढलं तर ही भानगडच नाही, एकदा दोन-तीन तास बसायचं आणि मग ती फाइल कायमची तुमची.

कागद, माप आणि मध्य

सॉफ्टवेअर इंकस्केप घ्या, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. ज्यांच्याकडे कोरल आहे त्यांनी कोरलमध्ये केलं तरी मापं हीच.

फाइल मेन्यूत डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, युनिट मिलिमीटर करा, पान ११० बाय ११०. पदक आपण १०० मिमी व्यासाचं काढणार, भोवती ५-५ मिमी मोकळं. मग डावीकडच्या आणि वरच्या पट्टीवरून एक-एक निळी गाइड, म्हणजे मदतीची रेष, ओढून आणा, तिच्यावर डबल क्लिक करून जागा ५५ टाइप करा, दोन्हींचं तसंच. जिथे दोघी एकमेकींना छेदतात तो पदकाचा मध्य, इथून पुढे सगळं याच्यावरून. गाइडला स्नॅप होण्याचं, म्हणजे जवळ नेलं की आपोआप चिकटण्याचं, सेटिंग चालू ठेवा.

अजून एक सेटिंग आत्ताच बदला, नाहीतर मापं थोडी थोडी चुकत जातील आणि कारण सापडणार नाही. एडिट, प्रेफरन्सेस, टूल्स, तिथे बाउंडिंग बॉक्स (आकाराचं माप घेणारी चौकट) व्हिज्युअल असतो, तो जिऑमेट्रिक करा. व्हिज्युअल असताना इंकस्केप रेषेची जाडी पण मापात धरतो, म्हणजे तुम्ही १०० टाकता आणि वर्तुळ खरं तर ९९ चं होतं.

आता वर्तुळं. कंट्रोल दाबून कसंही एक वर्तुळ काढा, वरच्या पट्टीतलं रुंदी-उंचीचं कुलूप बंद करून रुंदी १०० टाका, मग अलाइन पॅनेलमध्ये रिलेटिव्ह टू पेज करून उभं-आडवं मधोमध आणा. त्याच्या कॉप्या करून ९४ आणि ७० ची दोन वर्तुळं अजून करा. १०० आणि ९४ च्या मधली पदकाची कड, ९४ आणि ७० च्या मधल्या पट्ट्यात कडेची अक्षरं बसणार, ७० च्या आत क्रूस.

क्रूस

पदकावरच्या क्रूसाचे हात टोकाकडे थोडे रुंद होत जातात. एकच हात काढायचा आणि फिरवायचा. आयत काढा १५ रुंद, ३३ उंच, वरची बाजू पानाच्या वरून २२ मिमीवर, खालची बरोबर मध्यावर ५५ ला. आडवा मधोमध आहे ना बघा. मग पाथ मेन्यूत ऑब्जेक्ट टू पाथ, नोड टूल घ्या, खालचा डावा नोड (कोपऱ्यावरचा ठिपका) निवडून वरच्या पट्टीत एक्स ५०.५ करा, उजव्याचा ५९.५. झाला निमुळता हात, मध्यावर ९ मिमी आणि टोकाला १५.

हा हात निवडून त्याच्यावर परत एकदा क्लिक करा म्हणजे फिरवायचे बाण येतात आणि मध्ये एक बारीक अधिकचं चिन्ह दिसतं, तो त्याचा फिरण्याचा मध्य. ते चिन्ह ओढून गाइडच्या छेदावर नेऊन ठेवा. मग कंट्रोल डी ने कॉपी, ऑब्जेक्ट मेन्यूत ट्रान्सफॉर्म, रोटेट ९०, अप्लाय. परत कंट्रोल डी, अप्लाय. अजून एकदा. चारही हात निवडा, पाथ, युनियन. क्रूस तयार.

काहीजण ३५ ची पूर्ण लांबी घेतात म्हणजे क्रूस आतल्या वर्तुळाला टेकेल, पण मग हाताचे कोपरे वर्तुळाच्या बाहेर जातात आणि कटिंगला गेल्यावर तिथे रेषेवर रेष येते. ३३ ठेवा.

कोपऱ्यातली चार छोटी वर्तुळं १२ मिमी व्यासाची, मध्य क्रूसाच्या मध्यापासून १६ आडवे आणि १६ उभे. म्हणजे पानावर ३९ आणि ७१ या आकड्यांच्या चार जोड्या. जुन्या पदकांवर कोपऱ्यातली अक्षरं कधी वर्तुळात असतात कधी नुसती, दोन्ही चालतं.

अक्षरं: २० अंशांची युक्ती

नवीन माणूस इथेच अडकतो. बहुतेक जण कडेची अक्षरं एका ओळीत टाइप करतात, मध्ये स्पेस देतात, आणि टेक्स्ट मेन्यूतलं पुट ऑन पाथ वापरून वर्तुळावर चढवतात. होतं, पण अक्षरांची रुंदी वेगवेगळी, एम एवढा रुंद आणि आय नुसती काठी, त्यामुळे अंतरं कमी-जास्त होतात, सुरुवात उजवीकडे तीनच्या काट्यापासून होते, मग वर्तुळ फिरवत बसा, आणि शेवटचा बी पाक्सला जाऊन धडकतो. मी तसं दोन दिवस झगडलो.

मग एकदा वहीत मांडून बघितलं. कडेची १४ अक्षरं, पाक्सच्या ३ जागा, आणि तळाला दोन ओळींच्या मध्ये एक ठिपका टाकला तर ती १ जागा. चौदा तीन सतरा आणि एक अठरा. ३६० भागिले १८ म्हणजे बरोबर २० अंश! तळातला ठिपका सहाच्या काट्यावर येतो, पाक्सचा ए बाराच्या काट्यावर, आणि दोन्ही बाजूंना सात-सात अक्षरं एकमेकांसमोर बसतात.

फॉन्ट सिन्झेल घ्या, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, जुन्या रोमन शिलालेखांच्या अक्षरांवरून केलेला, आणि ओपन फॉन्ट लायसन्सचा असल्याने विकायच्या कामातही बिनधास्त वापरता येतो. बोल्ड घ्या. एक आय टाइप करा. आय एवढ्यासाठी की तो वर-खाली सपाट आहे, माप नीट घेता येतं. टेक्स्ट अलाइनमेंट सेंटर करा, हे विसरलात तर पुढचं सगळं फुकट. उंची ८ मिमी करा, आणि आडवा मधोमध, उभा असा ठेवा की अक्षराचा मध्य पानाच्या वरून १४ मिमीवर येईल, म्हणजे पदकाच्या मध्यापासून ४१.

परत तेच, दुसरा क्लिक, अधिकचं चिन्ह गाइडच्या छेदावर, कंट्रोल डी, ट्रान्सफॉर्ममध्ये रोटेट २०, अप्लाय. पहिली कॉपी उजवीकडे गेली ना बघा, डावीकडे गेली तर ट्रान्सफॉर्मच्या खिडकीत दिशा बदलायचं बटण आहे. मग कंट्रोल डी, अप्लाय, कंट्रोल डी, अप्लाय, एकूण १७ कॉप्या. १८ आय गोल उभे राहिले की टेक्स्ट टूल घेऊन वरून सुरू करा, एकेकावर क्लिक करून बदलत जा. पहिला ए, दुसरा एक्स, तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत व्ही आर एस एन एस एम व्ही, दहावा डिलीट करून तिथे छोटा ठिपका, अकराव्यापासून सतराव्यापर्यंत एस एम क्यू एल आय व्ही बी, अठरावा पी. सेंटर अलाइनमेंट असल्यामुळे प्रत्येक अक्षर आपापल्या जागी मधोमध राहतं, एम टाकला तरी सरकत नाही.

टाइप करताना तोंडाने शब्द म्हणा, वादे, रेत्रो, साताना. नुसतं व्ही आर एस म्हणत गेलात तर तीन एस, तीन व्ही आणि दोन एम यांत हमखास घसरता. शब्द म्हणत गेलात तर हात आपोआप थांबतो.

पाक्सची तीन अक्षरं मात्र २० अंशांवर फार लांब दिसतात, एक शब्द वाटत नाही, तीही सुटी आद्याक्षरं वाटतात. म्हणून एक्सला ७ अंश मागे आणि पीला ७ अंश पुढे फिरवा, दोघं १३-१३ अंशांवर येतील, शब्द जवळ येतो आणि दोन्हीकडे मोकळी जागा सुटते.

तळाची अक्षरं उलटी दिसतील. ती उलटीच असतात! कडेच्या प्रत्येक अक्षराचं डोकं बाहेर आणि पाय मध्याकडे, खरं पदक हातात घेऊन बघा, वाचताना आपण पदक फिरवतो. एका डीटीपीवाल्या मित्राने चांगल्या मनाने खालची पाच अक्षरं सुलटी करून दिली होती, आणि मग त्या भागात ओळ उलट्या क्रमाने वाचली जायला लागली.

क्रूसावरची अक्षरं ७ मिमी उंच, मध्यावर एस, आणि तिथून चारही दिशांना १३ आणि २६ मिमीवर बाकीची. ही सगळी सरळ उभी, फिरवायची नाहीत, आडव्या दांड्यावरची सुद्धा.

कर्व्ह करणं

दुकानदार तुम्हाला सगळ्यात आधी सांगेल, फाइल कर्व्ह करून दे. म्हणजे टेक्स्ट टेक्स्ट राहू द्यायचं नाही, आकार करायचा, कारण त्याच्याकडे सिन्झेल नसेल तर उघडल्यावर भलताच फॉन्ट लागेल. पण आधी या फाइलची एक कॉपी टेक्स्टसकट वेगळ्या नावाने सेव्ह करा. मग सगळी अक्षरं निवडून ऑब्जेक्ट टू पाथ.

एकरंगी कामासाठी क्रूस भरीव काळा आणि त्यात अक्षरं कोरलेली छान दिसतात. क्रूसावरची नऊ अक्षरं निवडून युनियन, मग ती आणि क्रूस दोन्ही निवडून पाथ, डिफरन्स. वर जे असतं ते खालच्याला कापतं, म्हणून अक्षरं वर हवीत, उलटं झालं तर क्रूसच गायब होतो, घाबरू नका, कंट्रोल झेड. कडेसाठी १०० आणि ९४ ची वर्तुळं घेऊन तसंच डिफरन्स, ९४ वालं वर.

आता हे कशावर जाणार त्यावर पुढचं अवलंबून. छापायचं असेल, फ्लेक्स, कार्ड, टी-शर्ट, तर इथेच झालं, पीडीएफ करून द्या. रेडियम कटिंग असेल तर ब्लेड प्रत्येक रेषेवरून फिरतं, त्यामुळे एकावर एक चढलेल्या रेषा नकोत आणि नोड कमी हवेत. ट्रेस केलेल्या फाइलला रेडियमवाले कंटाळतात ते याच्यासाठी, एका एसला शंभर नोड असतात आणि ब्लेड थरथरत जातं, रेडियमची कड कुरतडल्यासारखी निघते. आपण फॉन्टवरून केलंय, त्यामुळे नोड मोजकेच आहेत.

लेझरने एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिक आरपार कापणार असाल तर थांबा. क्यू, आर, डी, पी, बी, ए यांच्या पोटातला तुकडा आरपार कापल्यावर खाली पडतो आणि अक्षराच्या जागी नुसतं भोक उरतं. या पदकावर अशी नऊ अक्षरं आहेत, दोन डी, दोन पी, दोन बी, आर, क्यू आणि ए, आणि बीला दोन पोटं म्हणून एकूण ११ तुकडे. प्रत्येकाला बाजूशी जोडणारा १ मिमीचा पूल ठेवावा लागतो, छोटा आयत ठेवून डिफरन्स केलं की होतो. नुसतं वरवर एनग्रेव्ह करायचं असेल तर पुलाची गरज नाही, बहुतेक वेळा तेच करा, जास्त सुंदर दिसतं.

काचेच्या आतून लावायचं रेडियम किंवा अ‍ॅक्रिलिकच्या मागून एनग्रेव्ह म्हणजे फाइल आरशासारखी उलटवून द्यावी लागते. इथे फसायला फार होतं, कारण क्रूस दोन्हीकडून सारखा आणि ए, एम, आय, व्ही, एक्स ही अक्षरं पण उलटवली तरी तशीच दिसतात, म्हणून घाईत बघितलं तर कळतच नाही. एकच खूण धरा, पाक्सच्या पुढे उजव्या हाताला पहिला व्ही आणि लगेच आर दिसला पाहिजे, तुम्ही जिथून बघणार तिथून.

आणि साइज. आपण १०० मिमीवर काढलंय, गळ्यातलं पदक २० चं, म्हणजे पाचपट लहान. कडेचं अक्षर १.६ मिमी होणार, आणि इथली १ मिमीची रेष तिथे ०.२ होणार. म्हणून १ मिमीपेक्षा बारीक रेष कुठेच ठेवू नका. क्यूची शेपटी झूम करून मुद्दाम बघा, बारीक वाटली तर नोड ओढून जाड करा, लांब करा. मी नेहमी करतो. मग साध्या प्रिंटरवर खऱ्या साइजला एक प्रिंट काढायची, हातभर लांब धरायची, वाचता आलं तर पुढे.

पुढची बाजू थोडक्यात

पुढच्या बाजूला संत उभा आहे, उजव्या हातात क्रूस, डाव्या हातात मठवासीयांच्या नियमाचं पुस्तक. आजूबाजूला दोन चौथरे, एकावर तो फुटलेला विषाचा पेला, दुसऱ्यावर विषारी पाव उचलून नेणारा डोमकावळा. कडेला लॅटिन ओळ आहे, एयुस इन ओबितु नोस्त्रो प्रेसेन्सिया मुनियामुर, त्याच्या उपस्थितीने आमच्या मरणसमयी आमचं रक्षण होवो. हे सलग वाक्य आहे म्हणून इथे पुट ऑन पाथच बरं. पायाखाली मॉन्ते कासिनोचं नाव आणि रोमन आकड्यांत १८८०.

माणूस काढायचा म्हणजे कागदावर पेन्सिलने आधी काढा, जाड मार्करने गिरवा, फोटो घ्या आणि तो खाली ठेवून पेन टूलने वरून काढा. झग्याच्या चुण्या पाच-सहाच ठेवा. खऱ्या पदकाचा फोटो ट्रेस बिटमॅपला देऊ नका, धातूवरची चमक तो रेष समजतो आणि चेहऱ्याचं पार वाटोळं होतं. आणि घाई असेल तर ही बाजू सोडून द्या, स्टिकरला लोक बहुतेक क्रूसाचीच बाजू मागतात.

हे जमलं की पुढे चमत्कारी पदकाची (मिरॅक्युलस मेडलची) मागची बाजू घ्या, पॅरिसच्या र्‍यू द्यु बाकवरच्या मठात १८३० मध्ये सिस्टर कॅथरीन लाबुरे यांना झालेल्या दर्शनावरून १८३२ मध्ये पहिल्यांदा पाडलेलं. त्याला कडेने १२ तारे असतात, तिथे ३० अंश, बाकी युक्ती हीच.

देण्याआधी

प्रिंट समोर ठेवा आणि बोटाने मोजत ३० अक्षरं वाचा, आधी क्रूस, मग कोपरे, मग पाक्स, मग कड. मग दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, ज्याने ती फाइल काढताना बघितली नाही असा माणूस, आणि त्याच्या हातात खरं पदक द्या. आपण स्वतः तीन तास बघितलेलं असतं, आपल्याला सगळं बरोबरच दिसतं. फादरांना दाखवलंत तर उत्तमच. पदकांना आशीर्वाद द्यायला फादरांकडे जावंच लागतं, आता कुठलेही फादर तो देऊ शकतात, तर छापायच्या आधीच एकदा जा.

फाइल इतरांना फुकट वाटायची असेल तर डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये लायसन्सचा टॅब आहे तिथे सीसी झिरो निवडा, म्हणजे पुढच्या माणसाला विचारत बसावं लागत नाही. एका फोल्डरमध्ये चार गोष्टी द्या. टेक्स्टसकटची एसव्हीजी (इंकस्केपची नेहमीची फाइल), कर्व्ह केलेली प्लेन एसव्हीजी, दुकानदारासाठी पीडीएफ, आणि लेझरवाल्यासाठी मिलिमीटरमध्ये डीएक्सएफ. डीएक्सएफ उघडल्यावर बाहेरचं वर्तुळ १०० चंच आहे ना हे त्याला मोजायला सांगा, युनिटच्या गडबडीत साइज बदलतो.

आणि पाचवी एक साधी टेक्स्ट फाइल मी न चुकता टाकतो, तिच्यात तीसही अक्षरं क्रमाने, प्रत्येकासमोर त्याचा लॅटिन शब्द आणि मराठी अर्थ. क्यूच्या ओळीत लिहून ठेवलंय, शेपटी आहे ना बघा.